पान्याला लावलेला टिळा

"हाथ तो हैं ना तेरे?"

मिस्त्री एवढंच बोलला. मोठ्यानं नाही, रागानंही नाही. ताटलीतल्या कुंकवात बोट बुडवता बुडवता बोलला आणि पुढच्या हत्याराकडं वळला.

मी शेडच्या उंबरठ्याबाहेर उभा होतो. आत विश्वकर्म्याची तसबीर. तिच्यापुढं पाटावर लाल कापड, आणि कापडावर आमच्या सगळ्यांची हत्यारं ओळीनं मांडलेली. पाने, हातोडे, छिन्न्या, पाइपाला आटे पाडायचा डाय. त्या ओळीत माझाही पाना होता. त्याच्या मुठीला मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, म्हणून लांबूनही ओळखू यायचा. त्याच्या जबड्यावर कुंकवाचा ओला टिळा होता. वर झेंडूचं फूल. अगरबत्तीचा धूर त्याच्या अंगावरून चालला होता.

माझ्या कपाळावर नुसता घाम होता.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरामागची मोरी तुंबली होती आणि निरोप आला होता की घाण पाणी आत शिरतंय. बाकीचे सगळे गडी पूजेला बसलेले. पूजेच्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, असा आमच्या शेडचा नियम. मिस्त्री मला म्हणाला, तू जा. मी म्हणालो, जातो, माझा पाना द्या. तो म्हणाला, "आज औजार नहीं उठेगा. आज वो भगवान है." मी म्हणालो, मग मोरी कशानं खोलू? तेव्हा तो ते बोलला. हाथ तो हैं ना तेरे.

आत बसलेल्यांपैकी दोघंतिघं हसले. मी गेलो. हातांनीच गेलो.

मोरीच्या पाइपाला खाली आट्याचं एक झाकण असतं. पान्यानं ते खोललं की अडकलेलं सगळं बादलीत येतं, माणसाचा हात खराब होत नाही. पाना नव्हता. मी फरशीवर पालथा पडलो आणि वरच्या तोंडातून हात घातला. आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गोठलेली चरबी, कोबीची पानं, हाडं, कोणाचे केस. मूठमूठ बाहेर काढत होतो. गाल फरशीला टेकलेला होता आणि तुंबलेलं पाणी नाकापर्यंत येत होतं. तिकडं शेडमध्ये आरती सुरू झाली. घंटा ऐकू येत होती. माझा पाना आरती घेत होता.

त्या वेळी मला राग आला नाही. राग पुष्कळ नंतर आला. त्या वेळी मला हेवा वाटला. जीव जळून जावा असा हेवा. आणि तो कोणाचा, तर एका लोखंडाच्या पान्याचा. कोणाला सांगितलं तर हसतील. माणूस शेजाऱ्याच्या शेताचा हेवा करतो, भावाच्या बायकोच्या पाटल्यांचा करतो. मी माझ्या स्वतःच्या हत्याराचा करत होतो. ते माझ्या हातात असताना लोखंड होतं. माझ्या हातातून सुटलं आणि देव झालं.

आता हे सगळं आधीपासून सांगतो, म्हणजे कळेल.

तेव्हा भिलाईला कारखाना उभा राहत होता. धानाच्या बांध्या बुजवून मुरूम टाकलेला, रात्रंदिवस ट्रक, आणि अहिवाऱ्याकडून येणाऱ्या चुनखडीची पांढरी धूळ झाडांवर. रशियन साहेबांसाठी आणि आपल्याकडच्या बड्या इंजिनियरांसाठी हॉस्टेल बांधलं होतं. त्या हॉस्टेलची देखभाल एका ठेकेदाराकडं होती. नळ, मोऱ्या, टाक्या, गरम पाण्याचे पाइप, पंप. आम्ही त्या ठेकेदाराचे गडी. हॉस्टेलच्या मागं पत्र्याची शेड होती, तीच आमची कचेरी आणि तेच आमचं बसायचं ठिकाण. म्हणजे त्यांचं बसायचं. मी बाहेर, पंपाच्या ओट्यावर.

शेडमध्ये माणसं दोन प्रकारची. पान्याची आणि बिनपान्याची. बिनपान्याचा म्हणजे खलाशी. त्यानं पाइप उचलायचे, शिडी धरायची, फिटर मागेल ते हातात द्यायचं. हात चांगला बसला की मिस्त्री एक दिवस पाना देतो. तो पाना मग त्याच माणसाचा. दुसरा त्याला विचारल्याशिवाय हात लावत नाही. सुट्टीवर गेला तरी खुंटीवर टांगलेला राहतो. पाना मिळाला की माणूस फिटर झाला. कागद नंतर होतो. आधी पाना.

मला पाना मिळाला त्याच दिवशी गुलाबलाही मिळाला.

गुलाब माझ्याच गावचा. भंडाऱ्याकडचं गाव. तो कुणब्याचा, मी महारवाड्यातला. माझा बाप त्यांच्या धानाच्या खळ्यावर राबायचा आणि त्याची आई माझ्या बापाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. गावात रोजगार राहिला नाही तेव्हा आम्ही दोघं एकाच गाडीनं निघालो. गोंदियाच्या पुढं डोंगरगडचा घाट लागला तशी गुलाबनं विडी काढली. त्याच्याकडं काडी नव्हती. त्यानं माझ्या पेटलेल्या विडीवर आपली विडी पेटवली. गावात हे कधी झालं नसतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला वाटलं, गाव मागं राहिलं.

गाव मागं राहत नाही. गाव डब्यात बसून येतं, तिकीट न काढता.

कामाला लागलो त्या दिवशी शेडमध्ये विचारलं, कौन जात? गुलाबनं आपली सांगितली. मग सगळे माझ्याकडं वळले. मी तोंड उघडायच्या आत गुलाबच बोलला, "ये हमारे गाँव का है." एवढंच. त्यानं माझी जात सांगितली नाही. सांगितली नाही, यावरूनच सगळ्यांना कळली. त्यानंतर कोणी मला विचारलं नाही.

गुलाब वाईट माणूस नव्हता. हीच तर अडचण. तो दुष्ट असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. काम त्याला माझ्याइतकंच यायचं, कधी माझ्याहून बरं. तो कामचुकार असता तरी माझा जीव थंड झाला असता. पण तो बरा गडी होता आणि मी त्याच्यावर जळत होतो. मिस्त्री त्याला गुलाबभाई म्हणायचा. मला 'ए' म्हणायचा. तो आतल्या माठातलं पाणी आपल्या हातानं घ्यायचा. मी पंपावर प्यायचो. चहा आला की त्याचा कप हातोहात जायचा, माझा ओट्यावर ठेवून माणूस बाजूला व्हायचा. त्याचा कप इतरांच्या कपांत मिसळून जायचा. ते मिसळून जाणं मी बघत बसायचो. कोणता कप गुलाबचा, हे चहा पिऊन झाल्यावर त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. माझा कप खिळ्याला वेगळा टांगलेला असायचा.

त्याच्या कपाचा मला हेवा. त्याच्या नावाचा हेवा. माणसं त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलायची, त्या खांद्याचा हेवा. रुआबांध्याला माझी झोपडी होती. तिथून कामावर येताना मी रोज ठरवायचो की आज बघायचं नाही. आणि रोज बघायचो.

पण मला एक आशा होती. मी समजत होतो की हे सगळं खलाशी असण्यामुळं आहे. पूजेच्या दिवशी मला दर वर्षी पंपावर बसवत. पाणी चालू राहिलं पाहिजे म्हणून. मी समजायचो, बिनपान्याचा आहे म्हणून. शेडची रीत मी ऐकून होतो. ज्याचं हत्यार त्यानं आपल्या हातानं ओळीत ठेवायचं. मिस्त्री आधी हत्याराला टिळा लावतो, मग त्याच बोटानं ठेवणाऱ्याच्या कपाळाला. मग सगळे एका ओळीत बसून बुंदी खातात. मी म्हणायचो, पाना मिळू दे. मग बघू.

आणि पाना मिळाला.

मी तो घरी नेला तेव्हा सगुणा, माझी बायको, चुलीपुढं होती. ती रेजा होती. बांधकामावर डोक्यावरून मुरूम वाहायची. तिनं पाना दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि म्हणाली, "चांगला जड हाय बापा." खाली ठेवताना त्याच्याखाली गोणपाट घातलं. मला वाटलं, आपण राजे झालो.

आता मधली एक गोष्ट सांगायची राहिली. भिलाईला यायच्या आधी आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. देव मानणार नाही, पूजा करणार नाही, ही प्रतिज्ञा मी हजारो लोकांत उभा राहून म्हटली होती. घसा बसेपर्यंत म्हटली होती. घरी आल्यावर सगुणानं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. वळूनही पाहिलं नाही. मी काठावर उभा राहून हसत होतो. खरंच आनंदानं हसत होतो.

आणि तोच मी, पूजेच्या आदल्या संध्याकाळी राख आणि रॉकेल घेऊन पाना घासत बसलो. जबड्याचा दातन् दात काडीनं साफ केला. सकाळी धुतलेला सदरा घातला. सगुणा बघत होती.

शेडच्या दारात पोचलो तर गुलाब उंबरठ्यावरच उभा. त्यानं हात पुढं केला आणि हळू आवाजात म्हणाला, "दे. मी ठेवतो."

हळू आवाजात. माझी लाज राखावी म्हणून. मला तो हळू आवाज आजही सहन होत नाही. त्यानं खेकसून मागितला असता तर मी दिला नसता. पण तो असा मागितला की जणू माझ्यावर उपकार करतोय, आणि माझा हात पुढं झाला. पाना माझ्या हातातून त्याच्या हातात गेला. त्यानं तो नेऊन ओळीत ठेवला. मिस्त्रीनं पान्याला टिळा लावला. मग बोट तसंच धरून त्यानं दाराकडं पाहिलं, आणि ते बोट गुलाबच्या कपाळाला लावलं. गुलाबच्या कपाळावर दोन टिळे झाले. एक त्याच्या पान्याचा, एक माझ्या.

परवाच कामाला लागलेला एक खलाशी आत बसला होता. त्याच्याकडं पाना तर सोडाच, धड चप्पल नव्हती. त्याच्या कपाळावर टिळा होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी पान्याची वाट बघत होतो. अडचण पान्याची नव्हतीच.

मी तिथंच उभा राहिलेला बघून मिस्त्री म्हणाला, "तुम लोगों ने तो भगवान छोड़ दिया ना? फिर काहे को खड़ा है?"

गोष्ट खरी होती. माझीच प्रतिज्ञा त्यानं माझ्या तोंडावर मारली. जिच्या बळावर मी मान वर केली होती, तिचंच त्यानं दार केलं आणि लावून घेतलं. तेवढ्यात मोरी तुंबल्याचा निरोप आला. पुढचं सांगितलंच आहे.

मोरी साफ करून परत आलो तेव्हा पंपाच्या ओट्यावर पळसाच्या पानाचा दोना ठेवलेला होता. बुंदी होती. त्यावर मुंग्या चढल्या होत्या. आत सगळे खाऊन हात धूत होते. मी दोना उचलला आणि गटारात टाकला. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कोणाला काय.

घरी हात घासत बसलो. राखेनं घासला, मातीनं घासला, वास जात नव्हता. सगुणानं विचारलं तेव्हा सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं ती मिस्त्रीला शिव्या देईल. तिनं तांदळातले खडे वेचता वेचता ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"मंग? टिळा पायजे होता तुमाले?"

मी पुन्हा राख घेतली.

"देवाचं गाठोडं म्या ह्या हातानं नदीत सोडलं. वापस काढून आणू का?"

"देवाचं नाही गं..."

"मंग कशाचं? लोखंडाले कुंकू लागलं म्हनून तुमाले जळाले होते? माह्या घमेल्याले तं कोनी टिळा लावला नाई. म्या रडून राह्यली का?"

मला राग आला. म्हणालो, तुला नाही कळणार. ती थांबली. सूप खाली ठेवलं.

"कळते मले. तुमाले देव नाई पायजे. तुमाले त्यायच्या संगं बसाले पायजे. पन म्या एक इचारतो, पाना कोनाचा हाय?"

"माझा."

"तुमचा हाय तं त्याच्या हातात देल्ला कावून?"

तिनं पुन्हा सूप उचललं. खडे वेचू लागली. मला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं वर्षभर नाही.

दुसऱ्या दिवशी पाना परत मिळाला. जबड्याच्या दातांत कुंकू अडकून बसलं होतं. रॉकेलनं निघेना, साबणानं निघेना. पाइपाला पाना लावला की पाइपावर लाल रेघ उमटायची. त्या वर्षात गुलाबला क्वार्टर मिळालं. पक्कं छत, घरात नळ. त्या घराच्या नळाचं काम मीच केलं, कारण पाळी माझी होती. त्यानं सत्यनारायण घातला तेव्हा मला येऊन म्हणाला, "येजो गड्या. भाइर पंगत ठेवली हाय, काई संकोच नको करू." मी म्हणालो, येतो. गेलो नाही. पण दिवसभर मन तिकडंच होतं. कोण आलं असेल, काय वाढलं असेल, कोण कोणाच्या शेजारी बसलं असेल. हेवा हा असा हरामखोर आहे. ज्या ताटाला लाथ मारायची, त्याचाच वास आधी घ्यायला लावतो.

मग पुन्हा पूजा आली.

त्या वर्षी मी पाना कोणाच्या हातात देणार नव्हतो. तसं ठरवूनच आलो होतो. पण हत्यारं आदल्या संध्याकाळीच शेडमध्ये कुलपात गेली होती आणि किल्ली मिस्त्रीकडं. सकाळी आलो तर माझा पाना आधीच पाटावर. धुतलेला, पुसलेला, टिळा लावलेला. मला कोणी विचारलंही नाही. मी ओट्यावर जाऊन बसलो.

आरती व्हायची होती. तेवढ्यात हॉस्टेलचा नोकर धावत आला. त्याच्या मागोमाग साहेब. हॉस्टेलची सगळी जबाबदारी असलेला आपल्याकडचाच साहेब, बूट भिजलेले, चेहरा लाल. वरच्या टाकीखालचा पाइपाचा जोड सुटला होता. पाणी जिन्यावरून वाहत होतं, सामानाच्या खोलीत शिरलं होतं. दुपारी दिल्लीहून पाहुणे जेवायला यायचे होते.

मिस्त्री ताटली घेऊन बाहेर आला. माझ्याकडं बोट केलं. "ए, जा. जल्दी."

मी उठलो. म्हणालो, "पाना."

"अरे वाल्व तो बंद कर पहले."

"व्हॉल्व जाम आहे. पान्याशिवाय फिरत नाही. पाना द्या."

"आज औजार नहीं उठता, मालूम है ना? हाथ से पकड़ के रख थोड़ी देर. आरती होते ही आते हैं."

मी पुन्हा ओट्यावर बसलो.

मी ठरवून बसलो नव्हतो. पायांनीच ठरवलं. सगुणाचा प्रश्न वर्षभर पोटात होता, तो बहुतेक पायात उतरला असावा. मी म्हणालो, "नुसत्या हातांनी जाणार नाही."

साहेब ओरडला. मिस्त्री साहेबाकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. हाच मिस्त्री आम्हांला सांगायचा की विश्वकर्मा आपला पूर्वज. साहेबापुढं मात्र त्याचे गुडघे सरळ होत नसत. आता तर ताटलीतला दिवा हलायला लागला. पूजेतलं हत्यार दुसऱ्यानं उचललं तर पूजा मोडते. ज्याचं आहे त्यानं उचलावं, तर तो पूजेत नाही. मिस्त्रीनं त्यातून वाट काढली.

"अच्छा, आ. अंदर आ जा. टीका लगवा ले, फिर अपना औजार अपने हाथ से उठा."

आत बसलेली माणसं सरकली. त्यांनी जागा केली. खरंच जागा केली, माणसाभर. गुलाब उठून दारापर्यंत आला.

"ये ना गड्या," तो म्हणाला. "थे सोता बलावून राह्यले. वर्षभर तू ह्याच्याचसाठी तं पायत होता ना आमच्याकडं."

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. माझा हेवा मी पोटात लपवला असं समजत होतो. तो माझ्या तोंडावर लिहिलेला होता आणि ही माणसं वर्षभर तो वाचत चहा पीत होती.

मी उंबरठ्यापर्यंत गेलो. मिस्त्रीनं बोट कुंकवात बुडवलं आणि वर केलं. माझ्या कपाळापासून ते बोट वीतभर होतं. माझी मान पुढं झुकत होती. इतक्या वर्षांची तहान होती ती, मानेला काय कळतं प्रतिज्ञा. एक पाऊल टाकलं असतं तर मी त्या ओळीत बसलो असतो, गुलाबच्या शेजारी, मांडीला मांडी लावून.

मग मला ते बोट थरथरताना दिसलं.

ते माझ्यासाठी थरथरत नव्हतं. साहेबाच्या भीतीनं थरथरत होतं. वर पाणी वाहत होतं म्हणून मला बोलावणं होतं. फुटलेल्या पाइपाला घाईघाईत चिंधी गुंडाळतात, तसा हा माझ्या कपाळाला कुंकू लावायला निघाला होता. पाणी थांबलं की चिंधी फेकून देतात. मीच किती वेळा फेकली होती.

मी मान मागं घेतली. त्या बोटाच्या बाजूनं आत शिरलो. पायात चपला होत्या, तशाच. पाटापुढं वाकलो आणि ट्यूबची पट्टी गुंडाळलेली मूठ धरली. झेंडूचं फूल घरंगळून खाली पडलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, भगवान को हाथ मत लगा!"

मी त्याच्याकडं वळलो.

"भगवान नहीं है. पाना है. मेरा है."

पान्यावरचा टिळा मी पँटीला पुसला. सगळ्यांसमोर पुसला. दारात गुलाब होता. त्याच्या कपाळावर एकच टिळा होता त्या वर्षी. मी त्याला म्हणालो, "मागच्या साली तुह्या हातात देल्ला. आता नाई देनार."

तो बाजूला झाला.

मी वर गेलो. व्हॉल्व बंद केला, जोड खोलला, नवीन सूत गुंडाळून पुन्हा कसला. पाणी थांबलं. साहेबानं घड्याळ पाहिलं आणि खाली निघून गेला. मी ओल्या जिन्यावर बसून राहिलो. खाली शेडमध्ये पाणी ओतून फरशी धूत असल्याचा आवाज येत होता. माझ्या चपलांचा विटाळ धूत होते. मग आरती झाली. त्या ओळीत एका पान्याची जागा रिकामी राहिली असेल, एवढंच मनात आलं.

त्याची किंमत पडली. मिस्त्रीनं मला हॉस्टेलवरून काढून बाहेरच्या गटाराच्या लाइनीवर टाकलं, एकट्याला. पाना जमा कर म्हणाला. मी म्हणालो, फिटर म्हणून ठेवायचं तर पाना माझ्याकडं राहील, नाहीतर मला काढा. कारखाना वाढत होता, फिटर मिळत नव्हते, म्हणून काढलं नाही. प्रेमानं ठेवलं नाही. उन्हात, वासात, दिवसभर बोलायला माणूस नाही. सगुणा तिच्या कामावरून येताना कधी कधी त्या बाजूनं यायची, घमेलं पालथं घालून बसायची. पान्याकडं बघून म्हणायची, "आता कसा दिसते." बस.

हेवा गेला का? नाही गेला. हॉस्टेलकडून हसण्याचा आवाज आला की अजून माझी मान तिकडं वळते. गुलाबच्या खांद्यावर कोणाचा हात दिसला की अजून पोटात आग पडते. मी साधुसंत नाही. पण आधी वाटायचं, मला आत घ्या. आता वाटतं, आत बसायचा हक्क तुम्ही कोणाच्या बापाकडून आणलात? जळणं तेच आहे. फक्त आता मी त्या आगीकडं पाठ करून बसत नाही.

पुढच्या पूजेच्या आदल्या संध्याकाळी गुलाब लाइनीवर आला. मिस्त्रीनं पाठवला होता. मी चेंबरच्या कडेला बसलो होतो, पाना मांडीवर.

"पाना मांगतला हाय," तो म्हणाला. "उद्या पूजा हाय ना. सगळ्यायचे जमा झाले."

तोच हळू आवाज. तसाच पुढं केलेला हात.

मी त्या हाताकडं बघितलं. स्वच्छ हात होता.

"माह्या पान्याले उद्या काम हाय," मी म्हणालो.

तो वळला आणि शेडकडं गेला.

उद्या मोरी तुंबेल. कुठली ना कुठली तुंबतेच. ते येतील, कारण त्यांचे पाने देव झालेले असतील आणि देव मोरीत उतरत नाहीत. येऊ देत. टिळा आणू नका. फूल आणू नका. ओट्यावर दोना ठेवू नका. ज्याला माझे हात पाहिजेत, त्यानं पाना धरलेले हात मागायचे. नुसते हात आता मिळणार नाहीत.